‘सैल सोड’ म्हणजे नेमकं काय करायचं?

विडी वळणाऱ्या एक मावशी उजवा खांदा दुखतो म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, सोबत कॉलेजात जाणारी नात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरात विडी कामगारांच्या पूर्व भागात बसते, त्यामुळे असे खांदे रोजचेच. त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचा हात कोपराखाली माझ्या तळव्यावर घेतला आणि म्हटलं, “मावशी, रिलॅक्स व्हा.”

“झाले की.”

मी माझा हात हळूच खालून काढून घेतला. त्यांचा हात तसाच हवेत राहिला. कोपर वाकलेला, मनगट किंचित वर, समोर टेबल असल्यासारखा. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

“मावशी, हात कुणी धरलाय?”

त्यांनी हाताकडे बघितलं. “अगं बाई, मीच की!”

मग मी “हात शिथिल करा” म्हटलं. त्यांनी भुवया आवळल्या, ओठ मिटले आणि खांदा आणखी वर गेला. “हात सैल करा” म्हटल्यावर त्यांनी बोटं तेवढी हलवली. नात शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “अव्वा, वदिलेय्.” एवढंच. आणि हात माझ्या तळव्यात पडला. पाण्यातून काढलेला टॉवेल पडावा तसा, सगळ्या वजनासकट.

‘अव्वा’ म्हणजे आजी, आणि ‘वदिलेय्’ म्हणजे तेलुगूत ‘सोडून दे’. मी मराठीत ‘व्हा’ म्हटलं होतं, ‘करा’ म्हटलं होतं, पण ‘सोडा’ म्हटलं नव्हतं. तेव्हापासून या क्रियापदाकडे मी नीट बघायला लागले. शरीरातला ताण जातो तेव्हा आत काय घडतं याचं जेवढं बिनचूक वर्णन ‘सोडणे’ करतं, तेवढं ‘शिथिल करणे’ करत नाही आणि ‘रिलॅक्स होणे’ तर मुळीच नाही. हे नुसतं भाषेच्या प्रेमापोटी म्हणत नाही. त्यामागे स्नायूंचं शास्त्र आहे. तिथवर जाऊच, पण आधी शब्द बघू.

दुखणं सांगताना आपण काय म्हणतो? मान धरली. पाठ धरली. कंबर धरलीय बघा, वाकताच येईना. मराठी माणूस हे इतक्या सहज बोलतो की त्यातली गंमत नजरेतून सुटते. ‘मान धरली’ या वाक्यात धरणारं कोण आहे? कोणीच नाही. ‘मी मान धरली’ असं आपण म्हणत नाही. म्हटलं तर त्याचा अर्थ कुणाचा तरी गळा पकडला असा होईल. मान आपली आपणच धरते. आखडणे, अवघडणे, ताठणे, भरून येणे ही सगळी क्रियापदं त्याच जातीची. पाय आखडला, अंग अवघडलं, खांदे भरून आले. हे सगळं आपोआप घडतं, माणूस नुसता सोसणारा.

आता उलट बाजू बघा. ‘मी मान सैल सोडली.’ ‘त्याने खांदे सैल सोडले.’ ‘तिने अंग सैल सोडलं.’ इथे करणारा हजर आहे. वाक्यात कर्म आहे, आणि भूतकाळात क्रियापद त्या कर्माप्रमाणे बदलतं: मान सोडली, खांदे सोडले, अंग सोडलं. म्हणजे व्याकरणाच्या पातळीवरच आपली भाषा सांगते की धरणं न कळत होतं, सोडणं मात्र कुणीतरी करावं लागतं, आणि ते एका ठरावीक अवयवाचं करावं लागतं. ‘मी रिलॅक्स झालो’ यात कुठला अवयव, काय केलं, कशाचा पत्ता लागत नाही. माणूस अख्खाच्या अख्खा एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत गेला, एवढंच कळतं. दुखऱ्या खांद्याला त्याचा उपयोग नाही.

‘सैल’, ‘ढिला’ आणि ‘शिथिल’ यांचीही आपापली घरं आहेत. ‘सैल’ हा शब्द लिंगवचनाने बदलत नाही: सैल गाठ, सैल सदरा, सैल बांगड्या. अर्थही बराचसा तटस्थ. ‘ढिला’ बदलतो, ढिला-ढिली-ढिले, आणि त्याला दोषाचा वास असतो. स्क्रू ढिला, कारभार ढिला, माणूस ढिला. पेशंटला “ढिलं सोडा” म्हटलेलं चालतं, पण “तुमचा खांदा ढिला आहे” म्हटलं की तो घाबरतो, आणि बरोबर घाबरतो. ‘शिथिल’ संस्कृतातून सरळ आला आणि कागदावरच जास्त राहिला. निर्बंध शिथिल होतात, अटी शिथिल होतात, योगवर्गात शिथिलीकरण होतं. घरात कुणी कुणाला “जरा शिथिल हो” म्हणत नाही.

‘सैल करणे’ आणि ‘सैल सोडणे’ यांत मोठा फरक आहे. नाडी सैल करतात, पट्टा सैल करतात, गाठ सैल करतात. तिथे हाताने काहीतरी करून घट्टपणा कमी करायचा असतो, आणि तो किती कमी करायचा तेही आपल्या हातात. लगाम मात्र सैल सोडतात. तिथे करण्यासारखं काही नसतंच, मुठीने जो ओढून धरला होता तो ओढायचा थांबवायचा. मावशींना मी “हात सैल करा” म्हटलं तेव्हा त्यांनी इमानेइतबारे काहीतरी केलं, बोटं हलवली. त्यांची चूक नव्हती, क्रियापदाचीच होती.

आता शरीरात डोकावू.

स्नायू फक्त ओढू शकतो. ढकलणं त्याला येत नाही. कोपर वाकवायचा तर पुढचा स्नायू ओढतो, ज्याची पोरं बेटकुळी काढून दाखवतात तो. कोपर सरळ करायचा तर दंडाच्या मागचा स्नायू ओढतो, आणि त्या वेळी बेटकुळीवाल्याला सोडावं लागतं. प्रत्येक हालचालीत एक धरतो, एक सोडतो. दोघांनीही धरून ठेवलं तर सांधा जागच्या जागी जखडतो. मावशींचा हवेत राहिलेला हात असाच चहूबाजूंनी धरलेला होता.

मेंदू स्नायूला हुकूम देतो तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून निघणाऱ्या मज्जातंतूंवाटे. या लेखातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. हातापायांच्या स्नायूंपर्यंत जाणारे हे तंतू एकच हुकूम नेऊ शकतात: ‘आवळ’. ‘सैल हो’ असा निरोप नेणारी वेगळी तार स्नायूपर्यंत जातच नाही. नको असलेला हुकूम अडवायचा असेल तर तो वरच, मज्जारज्जूत आणि मेंदूत अडवला जातो. स्नायूला मात्र एवढंच कळतं की हुकूम यायचा थांबला. म्हणून सैल होण्यासाठी जोर लावता येत नाही. जोर लावायचा तर पुन्हा ‘आवळ’ हाच हुकूम जाणार. “शिथिल करा” म्हटल्यावर मावशींचा खांदा वर गेला तो यामुळे. करायला सांगितलं, त्यांनी केलं, आणि केलं म्हणजे आवळलं. ‘सोडणे’ या क्रियापदात मात्र नवीन काही करायचा आदेशच नाही. जे धरलं आहे ते धरायचं थांबव, एवढंच ते सांगतं. मज्जासंस्थेत नेमकं तेवढंच घडत असतं.

आणखी खोल, एकेका पेशीत गेलं तरी हा शब्द टिकतो. 1954 साली इंग्लंड-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून स्नायू कसा आखडतो याचं चित्र एकाच वेळी मांडलं. स्नायूच्या पेशीत दोन प्रकारचे सूक्ष्म तंतू एकमेकांत घुसलेले असतात, ॲक्टिन आणि मायोसिन. स्नायू आखडतो तेव्हा तंतू स्वतः आक्रसत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनच्या तंतूला बारीक मुठी असाव्यात तशी डोकी असतात. ती ॲक्टिनला धरतात, खेचतात, सोडतात, पुढे पुन्हा धरतात. विहिरीवर दोर ओढताना आपण हात बदलतो तसंच. आणि मुठीने पकड सोडावी म्हणून तिला एटीपी नावाचं इंधन येऊन मिळावं लागतं. ते आलं नाही तर मूठ धरलेली ती धरलेलीच. माणूस गेल्यावर काही तासांत शरीर ताठतं ते याचमुळे. इंधन तयार होणं थांबतं आणि कोट्यवधी मुठींना पकड सोडता येत नाही. पुढे पेशीतली प्रथिनंच मोडायला लागतात तेव्हा तो ताठरपणा जातो.

दुसरी किल्ली कॅल्शियमची. हुकूम आला की पेशीतल्या एका जाळीदार कोठीतून कॅल्शियम बाहेर पडतं आणि मुठींना धरायची जागा उघडी होते. हुकूम थांबला की कॅल्शियम परत कोठीत भरलं जातं आणि जागा झाकली जाते. हे भरायलाही एटीपीच लागतं. 1950च्या दशकात शास्त्रज्ञ स्नायूला सैल करणारा एखादा पदार्थ शोधत होते. जपानचे सेत्सुरो एबाशी यांच्या कामातून स्पष्ट झालं की ही करामत त्या कोठीची आहे. ती कॅल्शियम ओढून घेते म्हणून स्नायू सुटतो. म्हणजे सोडायलाही शरीराला खर्च येतो. (याचा अर्थ सैल बसणं धरून बसण्यापेक्षा महाग पडतं असा मात्र काढू नका. धरून ठेवलेल्या स्नायूत धर-खेच-सोड हे चक्र अखंड चालू असतं, त्याचा खर्च कितीतरी जास्त.)

इथे मला माग आठवतो, कारण माझं बालपण मागाच्या खडखडाटात गेलं. सोलापूरला चादर आणि टॉवेल माहीत नाही असं घर नाही, पण माग चालताना जवळून किती जणांनी बघितलाय? मागच्या बाजूला बीमवर उभं सूत गुंडाळलेलं असतं. पुढे कापड तयार होतं आणि रुळावर गुंडाळलं जातं. मधे धोटा आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो. कापड चांगलं निघायचं तर उभ्या सुताला ताण हवा. ताण कमी पडला तर सूत लोंबतं, धोट्याला नीट वाट मिळत नाही, कापड झिरझिरीत निघतं. पण पुढे जेवढं कापड गुंडाळलं जातं तेवढं सूत मागच्या बीमने सोडायलाही हवं. बीमने सोडलं नाही तर धागे तटातट तुटतात. जुन्या मागांवर बीमभोवती साखळी टाकून तिला वजनं लावलेली असतात. किती धरायचं आणि किती सोडायचं हे त्या वजनांवर ठरतं. घरी वडील मागाचा नुसता आवाज ऐकून वजन कमी-जास्त करायचे.

उभ्या सुताला ताणा म्हणतात, आडव्याला बाणा. ताणा, ताण, ताणणे, आणि तंतू, तंत्र, गाण्यातली तान, हे सगळे संस्कृतातल्या ‘तन्’ म्हणजे पसरणे, ओढणे या धातूचे. लॅटिनमधलं ओढण्याचं क्रियापदही याच मुळातून फुटलेलं, आणि त्यातून इंग्रजीत ‘टेन्शन’ गेलं. म्हणजे ताण आणि टेन्शन ही लांबची भावंडं. दोन वाटांनी हिंडून ती आज आपल्या एकाच वाक्यात शेजारी बसतात. एक फरक मला लक्षणीय वाटतो. टेन्शन आपण ‘घेतो’. “टेन्शन घेऊ नको” हे वाक्य दिवसातून किती वेळा कानावर पडतं! पण घेतलेलं टेन्शन ‘सोड’ असं फार कमी जण म्हणतात.

‘ताणणे’चीही एक मजा आहे. “जेवला आणि दुपारी मस्त ताणून दिली” म्हणजे काय? झोपला! ताण जाण्याच्या क्रियेला आपण ताणूनच देतो. आळोखेपिळोखेही ‘देतो’, जांभई ‘देतो’, आळसही ‘देतो’. ‘आळस येतो’ म्हणजे काम नकोसं होतं, आणि ‘आळस देतो’ म्हणजे हात डोक्यावर ताणून, पाठ कमानीसारखी करून मग सगळं सोडून देतो. कुत्रं-मांजर झोपेतून उठल्यावर पहिलं काम हेच करतं. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आधी कडकडून आवळायचं, मग सोडायचं.

हीच गोष्ट पद्धतशीरपणे मांडली एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी. शिकागोत काम करताना 1920च्या दशकात त्यांनी एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा, आवळलेपण नीट जाणवू द्यायचं आणि मग सोडायचं, अशी पद्धत बसवली. आज जगभर ती वापरतात. आधी आवळायचं कशाला? कारण मावशींना हात धरलाय हे कळतच नव्हतं. आपण काय धरलंय हे माहीत नसेल तर सोडणार काय? रोज दहा दहा तास धरलेला स्नायू मेंदूला ‘धरलेला’ वाटेनासाच होतो, तीच त्याची नेहमीची जागा होऊन बसते. मुद्दाम आणखी आवळला की फरक पुन्हा जाणवतो आणि सोडायला काहीतरी हाती लागतं.

विडीचं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. पान कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. बोटं एवढ्या वेगाने चालतात की नजर ठरत नाही. पण दुखणं बोटांचं क्वचित असतं. दुखतो तो खांदा, दुखते ती मान, जी दिवसभर हललेलीच नसते. बोटांचे स्नायू धरतात-सोडतात, धरतात-सोडतात, त्यांना मधे मधे रक्त मिळतं. खांद्याचे आणि मानेचे स्नायू हात पुढे तोलून धरून बसलेले असतात. सतत आवळलेल्या स्नायूत आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं, दुखायला लागतं, आणि दुखलं की आपण तो भाग आणखी जपून धरतो. “काहीच तर केलं नाही, नुसती बसूनच होते” असं या बायका सांगतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. खांद्याने दिवसभर काम केलेलं असतं, फक्त ते दिसलेलं नसतं.

सोडायला आणखी एक अडसर आहे, तो आपल्या भाषेने घातलेला. कौतुक सगळं घट्टपणाचं. कंबर कसली, पदर खोचला, नेट लावला, ताठ मानेने जगला. आणि सैल म्हटलं की? जीभ सैल सुटली, पोराला सैल सोडलंय, कारभार सैल. लहानपणापासून हे कानावर पडलेल्या बाईला “अंग सैल सोडा” म्हटलं की तिला आत कुठेतरी चुकल्यासारखं वाटतं. दवाखान्यात पाच मिनिटं पडून राहायलाही कितीतरी जणी ओशाळतात, पदर सारखा करत राहतात, उठून बसतात. मी त्यांना घाई करत नाही. सोडणं म्हणजे हातपाय गाळणं नव्हे, हे पटायला वेळ लागतो. हातपाय गाळले म्हणजे धीर सुटला. हातपाय सैल सोडले म्हणजे धीर असून सोडले, आणि वाटेल तेव्हा पुन्हा धरता येतात.

हा फरक वैद्यकीयदृष्ट्याही जपायला हवा. ‘सैल सोडला’ आणि ‘सैल पडला’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कुणी म्हणालं, “हातातून भांडं निसटतं, हात गळाल्यासारखा वाटतो,” तर तो ताण गेल्याचा आनंद नाही, ताकद गेल्याची तक्रार आहे, आणि ती नसेची असू शकते. एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर मालीश, शेक, बाम काही करत बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

आपले जुने लोकही या शब्दाशी फार नेमके वागले आहेत. पतंजलींच्या योगसूत्रांत दुसऱ्या पादात आसनाची व्याख्या येते, ‘स्थिरसुखमासनम्’. लगेच पुढचं, 47वं सूत्र सांगतं की ते साधायचं कसं: ‘प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्’. प्रयत्न शिथिल केल्याने आणि अनंताच्या ठायी चित्त लावल्याने. शिथिल काय करायचं? शरीर नाही, स्नायू नाही. प्रयत्न. हे सूत्र मी पहिल्यांदा अर्थासह वाचलं तेव्हा मज्जातंतूंची ती एकमार्गी तार डोळ्यांपुढे आली. हठयोगप्रदीपिकेत शवासन थकवा घालवणारं आणि चित्ताला विसावा देणारं म्हटलं आहे. त्यातला शव निश्चलपणाच्या उपमेपुरता घ्यायचा. खरं शव ताठतं ते आपण वर पाहिलंच.

श्वासालाही आपण हेच क्रियापद लावतो: श्वास घेतो आणि सोडतो. निःश्वासही सोडतो, सुस्काराही सोडतो. यात शरीराचा धागा खरोखरच जुळलेला आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर सोडताना किंचित मंदावतात. शांत बसून मनगटावरची नाडी धरली तर बऱ्याच जणांना हे स्वतःचं स्वतःला जाणवतं. शांत श्वास सोडताना छातीला जोरही लावावा लागत नाही. श्वास घेताना खाली गेलेला छाती-पोटामधला पडदा सैल पडतो आणि फुगलेली फुप्फुसं आपल्याच लवचिकपणाने हवा बाहेर टाकतात. म्हणून मी खांदा सोडायला सांगते ती श्वास सोडताना. त्या क्षणी शरीरात आधीच काहीतरी सुटत असतं, खांद्याला त्याच्यामागून जाणं सोपं पडतं.

मावशींच्या नातीने शिकवलेला शब्द मी नंतर आमच्या गावातल्या बाकीच्या भाषांत शोधला. सोलापुरात हे सोपं आहे, त्यासाठी चौक ओलांडला तरी पुरतं. तेलुगूत ‘वदुलु’ म्हणजे सैल, आणि ‘वदुलु’ हेच क्रियापद म्हणूनही येतं, सोडणे या अर्थी. सैल आणि सोड दोन्ही एकाच शब्दात. अक्कलकोटकडच्या एका आजोबांना कन्नडमध्ये काय म्हणता विचारलं तर “सडिल बिडु” म्हणाले. ‘सडिल’ म्हणजे सैल, ‘बिडु’ म्हणजे सोड. आपल्या ‘सैल सोड’ला शब्दाला शब्द. विजापूर वेशीकडची एक मुलगी आईला समजावत होती, “अम्मी, ढीला छोडो.” पुन्हा तेच. चारही भाषांनी ‘करा’ आणि ‘व्हा’ बाजूला ठेवून सोडण्याचंच क्रियापद निवडलेलं. एकमेकींच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बोलींनी ही देवाणघेवाण केली, की प्रत्येकीला आपापल्या अंगाकडे बघून हे सुचलं, याचा निकाल लावायचं मला कारण नाही. पण दुखऱ्या माणसाशी बोलताना मी तिन्ही-चारी शब्द वापरते.

घरी कुणाची मान धरली असेल आणि तुम्हाला मदत करायची असेल तर शब्द जपून वापरा. “रिलॅक्स हो, रिलॅक्स हो” असं दहादा म्हणू नका, तो माणूस त्याने आणखी आवळतो. एक अवयव सांगा, एकच. आधी खांदे कानाकडे उचलायला सांगा, पाच आकडे मोजेपर्यंत तसेच ठेवू द्या, मग श्वास सोडता सोडता खांदे सोडायला सांगा. पाडायला नाही, सोडायला. हात असेल तर खाली आपला तळवा धरा आणि म्हणा, “वजन माझ्याकडे दे.” वजन आलं की नाही हे तळव्याला लगेच कळतं. जबडा विसरू नका. बऱ्याच जणांचे दात गप्प बसलेले असतानाही एकमेकांवर दाबलेले असतात. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विसाव्याची जागा. आणि रात्री पोटरीत गोळा आला तर ते प्रकरण वेगळं. तिथे मज्जातंतू हुकूम द्यायचे थांबतच नाहीत, नुसतं सोड म्हणून सुटत नाही. गुडघा सरळ करून पायाची बोटं आपल्याकडे ओढून धरा, स्नायू ताणला गेला की गाठ उकलते.

माझ्याकडे पेशंटला घरी न्यायला व्यायामाचा एक छापील कागद आहे. त्याच्या वर पूर्वी ‘स्नायू शिथिलीकरण’ असं लिहिलेलं होतं आणि खाली सूचना होती, ‘खांदा शिथिल करावा’. बायका तो कागद घडी करून बटव्यात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी तसाच परत आणायच्या. मागच्या वर्षी तो नव्याने छापून घेतला. आता खांद्याच्या चित्राशेजारी मोठ्या अक्षरांत ‘सैल सोडा’ आहे, त्याखाली ‘वदिलेय्’, त्याखाली ‘सडिल बिडु’, आणि शेवटी ‘ढीला छोडो’. तेलुगूचं लिहून झाल्यावर त्या नातीला दाखवून तपासून घेतलं. तिने पेन मागितलं, ‘वदिलेय्’ला पुढे आदरार्थी ‘अंडि’ जोडून दिलं आणि म्हणाली, “मॅडम, मी अव्वाला तसं म्हणते, तुम्ही असं म्हणा.”